संतांच्या गोष्टींची छाननी: खुलताबाद, जुनं गोवं आणि आपण

वेरुळकर (धागाकर्ता)

वेरूळची लेणी बघून झाली की लोक खुलताबादला थांबतात ते बहुधा औरंगजेबाची कबर बघायला. ती कबर आहे झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात. या संताजवळ आपल्याला जागा मिळावी अशी बादशहाचीच इच्छा होती. समोर झैनुद्दीनांचे गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा. इतपत पाहून गाडी परत फिरते. त्याच गावात अमीर हसन सिज्झी यांची कबर आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. मला आज त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे.

अमीर हसन हे फारसी कवी, अमीर खुसरोंचे मित्र आणि दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. १३०८ च्या सुमारास त्यांनी गुरूंच्या बैठकीत जे ऐकलं ते तारीखवार लिहून ठेवायला सुरुवात केली आणि पुढे चौदा-पंधरा वर्षं ते लिहीत राहिले. तो ग्रंथ म्हणजे ‘फवायदुल फवाद’. संतांच्या बैठकींतल्या बोलण्याची अशी टिपणं म्हणजे मलफूजात, आणि त्या प्रकाराला वळण लागलं ते या ग्रंथामुळे. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हसनने लिहिलेली पानं गुरूंना दाखवली. जिथे नीट ऐकू आलं नव्हतं किंवा उमगलं नव्हतं तिथे त्याने मनाने काही न भरता जागा कोरी सोडली होती. निजामुद्दीनांनी वाचून त्या जागा स्वतः भरून दिल्या. पुढे मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं देवगिरीला हलवली, त्यांत हसनही आला आणि इथल्याच मातीत राहिला.

त्याच लोंढ्यात बुऱ्हाणुद्दीन गरीब आले. त्यांचीही एक जुनी आठवण पुढच्या पिढीतल्या चिश्ती (म्हणजे निजामुद्दीनांच्याच सूफी परंपरेतल्या) चरित्रग्रंथात आहे. दिल्लीत असताना ते म्हातारे झाले होते, जमिनीवर बसवत नसे, म्हणून घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसत. कुणीतरी निजामुद्दीनांच्या कानावर घातलं की हे आता गादी मांडून बसायला लागलेत. गुरू नाराज झाले, त्यांच्याशी बोलेनात आणि त्यांना निघून जायला सांगितलं. बुऱ्हाणुद्दीन घरात शोक करत बसले, लोक मयतीला जावं तसे समाचाराला जाऊ लागले. शेवटी अमीर खुसरो डोक्याचं पागोटं गळ्यात अडकवून गुरूंपुढे उभे राहिले, तेव्हा कुठे माफी मिळाली.

आज खुलताबादला जास्त ऐकू येते ती दुसरी गोष्ट. या दर्ग्याच्या फरशीतून चांदीची झाडं उगवत, ती तोडून विकली की सेवेकऱ्यांचा खर्च भागे. फरशीवरचे उंचवटे त्याची खूण म्हणून दाखवतात.

आता जुन्या गोव्यात जाऊ. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले आणि त्याच वर्षी दक्षिणेला मोत्यांच्या किनाऱ्यावर, परवर मच्छीमारांत गेले. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून रोमला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की दोन्ही भाषा जाणणारी माणसं गोळा केली, बरेच दिवस खपून प्रार्थना तमिळमध्ये उतरवल्या, त्या पाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन गावभर फिरून पोरांना आणि मोठ्यांना जमवलं. आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत की सगळीकडे पोचणं अशक्य, म्हणून ते मुलांच्याच हाती आपली जपमाळ देऊन त्यांना घरोघरी पाठवत. पुढे १५४९ मध्ये जपानमधून लिहितात की लोक आमच्याबद्दल खूप बोलतात आणि आम्ही त्यांच्यात पुतळ्यांसारखे मुके उभे असतो, आता लहान मुलासारखी भाषा शिकायची आहे.

१६२२ मध्ये ते संत झाले. त्या वेळच्या आज्ञापत्रात त्यांच्या चमत्कारांत अनेक भाषा आपोआप बोलता येण्याचं दैवी वरदानही आलं. सत्तर-ऐंशी वर्षांत घंटा घेऊन फिरणारा, पाठांतर करणारा माणूस त्या वरदानामागे झाकला गेला.

चमत्कार खोटे ठरवायला हा धागा काढलेला नाही. मी नवस फेडायला दर्ग्यात जाणाऱ्या घरातला आहे आणि तिथल्या गर्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे असा समज आहे की संतांच्या गोष्टी तपासून बघणं हे अश्रद्ध माणसाचं काम, भाविकाने कान मिटून ऐकावं. या दोन्ही परंपरांत मात्र छाननी सुरू केली ती भाविकांनीच, आणि संतांवरच्या प्रेमापोटी. हसनने सोडलेल्या कोऱ्या जागा हा त्याचा माझ्या मते सर्वांत सुंदर पुरावा. तुमच्याकडची उदाहरणं वाचायला आवडतील.

निर्मळची वाट

धागा आवडला. आम्हा वसईकरांचे संत गोन्सालो गार्सिया यांची गोष्ट तुमच्या म्हणण्याला अगदी जुळते.

वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथली. लहानपणी येशूसंघीय पाद्र्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. पुढे व्यापार केला, चांगला चालला, तो सोडून मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. त्यांना पुरोहितदीक्षा कधीच मिळाली नव्हती. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून गेले तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो बरोबर होते. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत ते एक. त्याआधी बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता आणि ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं होतं.

आमच्या गास गावात त्यांच्या नावाचं चर्च आहे. फेस्ताला (संताच्या वार्षिक सणाला) प्रवचनात हेच सांगतात: दुकान, भाषा, दुभाषेपण, क्रूस. लहानपणापासून ऐकत आलेय, त्यात चमत्काराला जागाच नव्हती आणि कधी कमी पडल्यासारखंही वाटलं नाही. १६२७ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी), ८ जून १८६२ ला संत. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच.

कागदपत्र

वेरुळकर, विषय चांगला आहे, पण ‘आधी माणूस, मग चमत्कार’ असा क्रम लावून वाचू नये असं मला वाटतं. बुऱ्हाणुद्दीनांचंच उदाहरण घ्या. त्यांच्या सहवासात काशानी घराण्यातले भाऊ होते. रुक्नुद्दीन आणि हम्माद यांनी त्यांची वचनं टिपली, तिसरा भाऊ मज्दुद्दीन याने त्यांच्या करामतींचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये गेले आणि हा ग्रंथ त्यानंतर लगेचच्या काळातला आहे. म्हणजे चमत्कार शे-दोनशे वर्षांनी चिकटले असं इथे म्हणता येत नाही. ज्यांनी त्यांच्या हातचं जेवण खाल्लं त्यांनीच ते लिहिले.

झेवियरांच्या बाबतीतही तेच. मोलुक्का बेटांजवळ वादळात त्यांचा क्रूस समुद्रात पडला आणि खेकड्याने नांगीत धरून तो किनाऱ्यावर आणून दिला, ही गोष्ट संतपदाच्या चौकशीत शपथेवर दिलेल्या साक्षीतून आली आहे.

वेरुळकर

कागदपत्र, ही भर फार महत्त्वाची आहे, आणि म्हणूनच मी वर क्रमापेक्षा छाननीवर भर दिला. मज्दुद्दीनच्या ग्रंथातल्या करामती कशा आहेत ते बघा. समोर बसलेल्याच्या मनातलं ओळखणं, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बोलता बोलता देऊन टाकणं, अशा त्या पुष्कळ आहेत. गुरूच्या खोलीत बसलेल्या शिष्याचा तो अनुभव आहे. बुऱ्हाणुद्दीनांचे भाऊ जर जरी जर बक्ष यांच्याबरोबर सातशे फकीर दख्खनमध्ये आले या कथेचं तसं नाही. ती फार उशिराच्या ग्रंथांत सापडते. दोन्हींना आपण ‘चमत्कार’ या एकाच खात्यात टाकतो, तिथे गफलत होते.

आता छाननीचा भाग. निजामुद्दीनांचे दिल्लीतले उत्तराधिकारी नसिरुद्दीन, ज्यांना चिराग-ए-दिल्ली म्हणतात, ते १३५६ मध्ये गेले. त्यांच्या काळात आधीच्या चिश्ती गुरूंच्या नावावर मलफूजातची पुस्तकं फिरू लागली होती. बैठकीत कुणीतरी त्यांतला एक मजकूर काढला. नसिरुद्दीनांनी स्वच्छ सांगितलं की ही त्या गुरूंची वचनं नव्हेत, त्यांच्या योग्यतेला शोभणारी नाहीत. आणि निजामुद्दीन स्वतः म्हणत की मी कुठलंही पुस्तक लिहिलं नाही, माझ्या गुरूंनीही लिहिलं नाही. हेही त्यांच्या बैठकीच्या टिपणांत नोंदलेलं आहे. गादीवर बसलेल्या माणसाला ती पुस्तकं चालू देणं किती सोयीचं होतं! भक्तांची संख्या वाढलीच असती. तरी त्यांनी नाही म्हटलं.

ख्रिस्ती बाजूला याच्या तोडीचं उदाहरण म्हणजे बोलांदिस्ट. बेल्जियममधल्या येशूसंघीयांनी ठरवलं की सगळ्या संतांची चरित्रं जुनी हस्तलिखितं ताडून छापायची, वर्षातल्या तिथींच्या क्रमाने. १६४३ मध्ये पहिले खंड निघाले. त्यांतल्या पापेब्रोक नावाच्या विद्वान पाद्र्याने दाखवलं की कार्मेलाइट हा कॅथलिक साधुसंघ आपली स्थापना थेट बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने केली म्हणतो, त्याला आधार नाही. १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने ते खंड निषिद्ध ठरवले, बंदी वीस वर्षं टिकली. पापेब्रोक काही पाखंडी नव्हता. रोज मिस्सा करणारा पुरोहित होता.

नगरी

मी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) प्रॉटेस्टंट घरातला. अमेरिकन मराठी मिशन आमच्याकडे १८३१ पासूनचं. आमच्या मंडळीत संतांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) नाही, अवशेषांपुढे मेणबत्ती नाही. रेव्हरंड टिळकांनी रूढ केलेलं ख्रिस्ती कीर्तन आहे, त्यात पूर्वीच्या विश्वासू माणसांच्या गोष्टी येतात, पण त्यांच्याकडे मागणं नाही.

धाग्यात ‘ख्रिस्ती परंपरा’ म्हणताना कॅथलिक परंपरा अभिप्रेत आहे, तेवढं स्पष्ट असावं. भांडण म्हणून लिहीत नाही. वसईचे माझे मित्र फेस्ताला बोलावतात, मी जातो, जेवतो. मध्यस्थाची गरज मला वाटत नाही, एवढंच.

मिरजेची सायरा

नगरींनी लिहिलं तोच प्रश्न आमच्यातही आहे, आणि तो जितका नवा समजला जातो तितका नाही. निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये गेले. त्याच काळात दमास्कसमध्ये इब्न तैमिया होते. कबरींच्या दर्शनासाठी मुद्दाम प्रवास करू नये असं त्यांनी लिहिलं, त्यावरून १३२६ मध्ये त्यांना कैद झाली आणि १३२८ मध्ये ते कैदेतच गेले. एकीकडे दिल्लीत दर्गा उभा राहतोय आणि दुसरीकडे दर्ग्याच्या विरोधात लिहिणारा माणूस तुरुंगात बसलाय, एकाच दशकात.

आमच्या घरात आजी उरुसाला गलेफ घेऊन जायची, ऊद घालायची, मलिदा वाटायची. माझे मोठे काका देवबंदला शिकलेले. ते दर्ग्यात जात, फातेहा पढत, पण नवस बोलणं आणि कबरीपुढे वाकणं त्यांना चालत नसे. ‘त्यांच्यासाठी माग, त्यांच्याकडे मागू नकोस,’ असं मला सांगायचे. आजीचं म्हणणं, ‘वली अल्लाचे लाडके आहेत, त्यांच्या शब्दाला वजन आहे, मी त्यांना फक्त आपलं कानावर घालते.’ दोघं एकाच ताटातला मलिदा खायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुसलमान एकतर दर्ग्याला मानतात किंवा मानत नाहीत. मध्ये केवढी तरी माणसं आहेत आणि त्यांना आपण काय करतोय ते नेमकं ठाऊक असतं.

वेरुळकर, माझ्या आजीला फवायदुल फवाद ठाऊक नव्हतं. तिला तिच्या पीरांच्या गोष्टी तोंडपाठ होत्या आणि त्या गोष्टींनी तिला दोन मुलं गेल्यावर उभं ठेवलं. छाननी करा, जरूर करा, पण ते दुःख ज्या गोष्टीने पेललं तिला ‘मागून जोडलेली’ म्हणताना शब्द जपून वापरा.

वेरुळकर

सायराताई, हे मी लक्षात ठेवीन. ‘उशिराच्या’ हा शब्द मी ग्रंथांच्या काळासाठी वापरला, पण तुमच्या आजीपुढे बसून मी तोही उच्चारला नसता.

माहीमकर

मखदूम अली माहिमींचं नाव अजून कसं आलं नाही? जन्म १३७२, मृत्यू १४३१. कोकणातले हे मोठे पंडित. कुराणावरचं त्यांचं अरबी भाष्य पुढे इजिप्तमध्ये छापलं गेलं. इब्न अरबींच्या अवघड तत्त्वज्ञानावरही त्यांनी लिहिलं.

डिसेंबरात माहीमची जत्रा भरते, पहिला संदल मुंबई पोलिसांचा. बँड, पोलिस गणवेशात, डोक्यावर संदलाचं ताट. त्या गर्दीत उभं राहून कुणालाही विचारा, बाबा कोण होते? भाष्याचं नाव कुणी घेणार नाही. पाण्याच्या पेल्याची गोष्ट सगळे सांगतील. रात्री आईने पाणी मागितलं, बाबा पेला घेऊन आले तर आईचा डोळा लागलेला. उठवलं नाही. पहाटे ती उठली तेव्हा पेला हातात धरून तसेच उभे. आईने दुआ दिली.

मराठी माणसाला यात आईबापांची सेवा करणारा पुंडलिक दिसल्याशिवाय राहत नाही. ही गोष्ट कुठल्या ग्रंथात, कुठल्या शतकात आली मला सांगता येणार नाही, पण एवढ्या मोठ्या पंडिताबद्दल लोकांनी हीच आठवण जपली, याचं मला कौतुक वाटतं. चमत्कार त्यात एकही नाही.

मांडवीतीर

मी गोव्याची. गोंयच्या सायबाबद्दल, म्हणजे झेवियरांबद्दल, थोडं लिहिते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात अठरावं शवप्रदर्शन झालं. बॉम जीझस बासिलिकेतून शवपेटी से कॅथेड्रलमध्ये नेतात. चांदीची जुनी पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली, तिच्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. खालचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सहून आलं, तोस्कानीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याची भेट, १६९८. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला. रांगेत हिंदू बायका अबोलीची फुलं घेऊन असतात, नेहमीच असतात.

पण या धाग्यासाठी माझे संत वेगळे आहेत: जोझे वाझ. २१ एप्रिल १६५१ ला बाणावलीत जन्म. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. १६८७ मध्ये हे हमालाच्या वेषात जाफन्यात शिरले, सोबत जुवांव नावाचा एक पोरगा. वाटेतच आजारी पडून मरायला टेकले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले, कारण जपमाळ ओळखणारं घर कॅथलिक असणार. एका घराने ओळखली, आणि तिथून काम सुरू झालं. कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना जंगलात सोडून पळाले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्वाल्यो यांनी त्या आजाऱ्यांना झोपड्या बांधल्या, औषध-जेवण दिलं, मेलेल्यांना पुरलं. राजाच्या मनातला संशय पुरता गेला.

१६ जानेवारी १७११ ला ते गेले. १९९५ मध्ये कोलंबोत धन्य, १४ जानेवारी २०१५ ला तिथेच संत. नियमाप्रमाणे संतपदासाठी दुसरा सिद्ध झालेला चमत्कार लागतो. पोप फ्रान्सिस यांनी तो न मागता मान्यता दिली. छाननीबद्दल बोलतोय म्हणून सांगते: रोममध्ये शेकडो वर्षं एक अधिकारी नेमलेला असे, त्याचं कामच उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणं. ‘सैतानाचा वकील’ म्हणत त्याला. १९८३ मध्ये ते पद मोडीत निघालं.

स्पष्टवक्ता

झेवियरांवर एवढं लिहिलंत, पण गोव्यात इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) आणावं म्हणून राजाला पत्र त्यांनीच लिहिलं होतं. ते छाननीत बसत नाही का?

मांडवीतीर

बसतं. १६ मे १५४६, आंबोइनाहून, पोर्तुगालचा राजा जुवांव तिसरा याला. इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आलं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, पण मागणी त्यांनी केली होती हे खरं आहे आणि पत्र उपलब्ध आहे. गोव्यात ज्यांची देवळं मोडली, ज्यांना देव घेऊन खाडीपलीकडे जावं लागलं, त्यांच्या घरांत हे विसरलं गेलेलं नाही. माझं आजोळ तसंच. पत्रातला घंटा घेऊन फिरणारा माणूस आणि हे पत्र लिहिणारा माणूस एकच आहे. मी दोन्ही पत्रं वाचते आणि तरीही तीन डिसेंबरला त्यांच्या फेस्ताला जाते.

वेरुळकर

याच्याशी शंभर टक्के सहमत. पत्रं जपली म्हणून हे आपल्याला कळलं, आणि ती जपली त्यांच्याच संघाने.

ओवीप्रेमी

एक गोष्ट राहून जाऊ नये. कॅथलिक संतांची चरित्रं मराठी ओवीत चारशे वर्षांपूर्वीपासून आहेत. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण (१६१६, रायतूर) सगळ्यांना माहीत असतं. पण फ्रेंच पाद्री एतियेन द ला क्रुआ याने संत पीटरवर मोठं पुराण रचलं, ते १६२९ पासून गोव्यात छापलं गेलं. आंतोनियु द साल्दान्या याची ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’ १६५५ ची, पादुआच्या संत अँथनीवर. ही मंडळी वाचकाला रामायण-भागवताच्या चालीवर घेऊन जातात, कारण ऐकणारा गावकरी त्याच चालीत वाढलेला होता. लिपी मात्र रोमन.

आणि दुसऱ्या बाजूने श्रीगोंद्याचे शेख महंमद. मालोजीराजे भोसले त्यांना मानत. ‘योगसंग्राम’ १६४५ चा, शुद्ध मराठी ओवी. त्यांच्याकडे वारकरीही गेले आणि मुसलमानही, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्यांचं चरित्र सांगितलं. त्यांच्या बाबतीत छाननीचं साधन मलफूजात नाही, त्यांचं स्वतःचं काव्य आहे. लोक काय सांगतात ते ऐकावं आणि मग योगसंग्राम उघडावा. ढोंगी फकीर आणि ढोंगी गोसावी, दोघांनाही ते तिथे सोडत नाहीत.

निर्मळची वाट

ओवीप्रेमी, सांतु आंतोनीचं नाव वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आजही त्यालाच सांगतात. साल्दान्याच्या ओव्या देवनागरीत वाचायला मिळतील का?

ओवीप्रेमी

मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चौकशी करावी लागेल. माझ्याजवळ काही पानांची देवनागरी प्रत मी हाताने केलेली आहे. रोमन लिपीमुळे काही शब्द लागत नाहीत, तिथे मी जागा कोरी सोडली आहे. दोन दिवसांत इथेच टाकतो. गोव्याकडच्या कुणाला ते शब्द लागले तर भरावेत.